‘आधी तयारी’कडून ‘आधी काम’कडे : अमेरिकेतील दिव्यांग रोजगार सेवा संस्थांच्या कार्यसंस्कृतीतील परिवर्तनाचा इतिहास

गोषवारा

‘संरक्षित कार्यशाळा’ हे अमेरिकेतील दिव्यांग रोजगार सेवेचे दीर्घकाळ प्रमुख रूप होते. बाहेरच्या नोकरीसाठी व्यक्तीची तयारी करून घेणे हा या कार्यशाळांचा घोषित हेतू होता. प्रत्यक्षात तयारीसाठी आत आलेली व्यक्ती बहुधा आतच राहिली. १९७० च्या दशकापासून या व्यवस्थेला शैक्षणिक संशोधन, शासकीय निधी व न्यायालयीन निर्णय अशा तीन दिशांनी आव्हान मिळाले. तथापि संस्थेतील दैनंदिन व्यवहार, कर्मचाऱ्यांची स्वतःच्या कामाविषयीची समजूत आणि यश मोजण्याची रीत बदलल्याखेरीज या बाह्य शक्तींचा परिणाम टिकला नाही. प्रस्तुत निबंधात १८४० पासून २०२५ पर्यंतच्या या प्रवासाचा मागोवा घेतला असून, ‘आधी तयारी, मग काम’ या गृहीतकाचा त्याग हाच संस्थांतर्गत परिवर्तनाचा गाभा होता, असे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : दिव्यांग रोजगार, संरक्षित कार्यशाळा, साहाय्यित रोजगार, कार्यसंस्कृती, संस्था-परिवर्तन, किमान वेतन.

१. प्रस्तावना

सामाजिक संस्थांचा इतिहास लिहिताना त्यांची स्थापना, संस्थापक, इमारती आणि लाभार्थींची संख्या यांची नोंद होते. संस्था रोज कोणत्या समजुतीवर चालते, याची नोंद क्वचितच होते. वास्तविक संस्थेची कार्यसंस्कृती या समजुतींतूनच घडत असते. दिव्यांग व्यक्तींना रोजगार मिळवून देणाऱ्या संस्थांच्या बाबतीत ही गोष्ट विशेष जाणवते. या संस्था बहुतांशी सद्‌हेतूने स्थापन झाल्या. त्यांच्या चालकांमध्ये धर्मोपदेशक, शिक्षक, डॉक्टर आणि स्वतः दिव्यांग मुलांचे पालक होते. असे असूनही काही दशकांनंतर त्यांच्यापैकी अनेक संस्थांवर, दिव्यांगांना समाजापासून वेगळे ठेवल्याचा आणि नाममात्र मजुरीवर राबविल्याचा ठपका आला. सद्‌हेतूने उभी राहिलेली संस्था आपल्याच उद्दिष्टाच्या आड कशी येते आणि तिला पुन्हा मार्गावर कसे आणता येते, हा या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) संरक्षित कार्यशाळेच्या उगमामागील विचार स्पष्ट करणे.
२) ‘तयारी’च्या कल्पनेचा संस्थांच्या अर्थव्यवहाराशी असलेला संबंध तपासणे.
३) कार्यशाळेकडून खुल्या रोजगाराकडे वळताना संस्थांनी कोणते बदल केले आणि त्यांना कोणत्या अडचणी आल्या, यांचे विवेचन करणे.

यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कायदे, न्यायालयीन निवाडे, शासकीय अहवाल आणि प्रकाशित संशोधन यांतील माहितीचा आधार घेतला आहे.

२. संरक्षित कार्यशाळेचा उगम

अमेरिकेतील पहिल्या कार्यशाळेचा उगम एका अपेक्षाभंगातून झाला. डॉ. सॅम्युएल ग्रिडली होवे यांच्या नेतृत्वाखाली १८३२ मध्ये बॉस्टन येथे अंधांसाठीची शाळा सुरू झाली. ही शाळा पुढे ‘पर्किन्स’ या नावाने प्रसिद्ध झाली. येथे हस्तव्यवसाय शिकलेले विद्यार्थी आपापल्या गावी जाऊन पोट भरतील, अशी होवे यांची अपेक्षा होती. शिक्षण पूर्ण करून गेलेल्यांपैकी पुष्कळांना बाहेर काम मिळेना. कौशल्य होते, पण ते विकत घेणारा मालक नव्हता. तेव्हा १८४० मध्ये प्रौढ अंधांसाठी शाळेला जोडून स्वतंत्र कार्य विभाग उघडण्यात आला. अडचण मालकांच्या दृष्टीत होती. उपाय मात्र अंध कारागिरांसाठी वेगळी जागा निर्माण करण्याचा निघाला. या व्यवस्थेचे पुढील शतकभराचे स्वरूप या पहिल्या निर्णयातच बीजरूपाने दिसते.

होवे यांना स्वतःला या मार्गाविषयी पुढे गंभीर शंका वाटू लागली. १८६६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बटाव्हिया येथे अंधांच्या नव्या संस्थेच्या पायाभरणी समारंभात त्यांनी भाषण केले. समान वैगुण्य असलेल्या व्यक्तींना एकत्र कोंडणे हितकारक नसून त्यांना सर्वसामान्य समाजात विखरून राहू द्यावे, असे मत त्यांनी त्या प्रसंगी मांडले. पायाभरणीच्या व्यासपीठावरून संस्थाकरणाविरुद्ध दिलेला हा इशारा त्या काळात फारसा मनावर घेतला गेला नाही.

१९०२ मध्ये मेथडिस्ट धर्मोपदेशक एडगर हेल्म्स यांनी बॉस्टनमध्ये ‘गुडविल’ चळवळीचा पाया घातला. श्रीमंत वस्त्यांतून जुने कपडे व सामान गोळा करायचे, गरजू लोकांकडून ते दुरुस्त करून घ्यायचे आणि विक्रीतून त्यांना मजुरी द्यायची, अशी ही योजना होती. भिक्षेऐवजी श्रम देण्याचा हा विचार त्या काळाच्या मानाने पुरोगामी होता. पहिल्या महायुद्धानंतर १९२० मध्ये संमत झालेल्या कायद्याने शारीरिक दिव्यांगत्व असलेल्या नागरिकांच्या व्यवसाय-पुनर्वसनासाठी केंद्रीय निधी उपलब्ध झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र आणखी पालटले. १९५० मध्ये बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांच्या पालकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. शाळांनी नाकारलेल्या आपल्या मुलांना दिवसभर जाण्यासाठी एक सुरक्षित ठिकाण असावे, या तळमळीतून पालकांनी गावोगावी कार्यशाळा उभ्या केल्या. १९५४ च्या कायदादुरुस्तीने अशा पुनर्वसन केंद्रांना शासकीय अनुदानाचा मार्ग अधिक मोकळा केला. पालकांच्या या कार्याचे मोल कमी लेखता येणार नाही. त्यांच्यापुढील पर्याय खुली नोकरी आणि कार्यशाळा असे नव्हतेच. एकीकडे कार्यशाळा होती आणि दुसरीकडे घराचा कोपरा किंवा शासकीय वसतिगृह.

३. कायदा, मजुरी आणि ‘तयारी’ची कल्पना

१९३८ हे वर्ष या इतिहासात निर्णायक ठरले. त्या वर्षीच्या न्याय्य श्रममानक कायद्याने ताशी २५ सेंट एवढे किमान वेतन ठरविले. त्याच कायद्याच्या चौदाव्या कलमाने दिव्यांग कामगारांना त्याहून कमी मजुरी देण्याची विशेष परवानगी मालकांना मिळू शकेल, अशी तरतूद केली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका कायद्याने अंधांच्या कार्यशाळांत तयार होणाऱ्या वस्तू केंद्र शासनाने खरेदी कराव्यात, असे ठरविले. १९७१ मध्ये ही सवलत अन्य तीव्र दिव्यांगत्व असलेल्यांच्या कार्यशाळांनाही लागू झाली. अशा रीतीने कमी मजुरीची मुभा आणि हमखास ग्राहक असा दुहेरी आधार या संस्थांना मिळाला.

मजुरी ठरविण्याची पद्धत बारकाईने पाहण्याजोगी आहे. दिव्यांग नसलेला अनुभवी कामगार एका तासात किती नग तयार करतो, हे घड्याळ लावून मोजले जाते. त्याच्या तुलनेत दिव्यांग कामगाराचे उत्पादन जितके, तितकी त्याची मजुरी. समजा, पहिल्याने तासाला १०० नग केले आणि त्या कामाचा प्रचलित दर १० डॉलर असेल, तर २० नग करणाऱ्याला २ डॉलर मिळतात. गणित वरवर न्याय्य दिसते. परंतु त्यात एकच काम गृहीत धरलेले असते. त्या व्यक्तीला ते काम जमण्याजोगे आहे का, अवजारांत किंवा पद्धतीत फेरफार केल्यास तिचा वेग वाढेल का, दुसऱ्या एखाद्या कामात ती सरस ठरेल का, हे प्रश्न त्या गणितात येत नाहीत. १९६६ च्या दुरुस्तीने या मजुरीला सर्वसाधारणपणे किमान वेतनाच्या निम्म्याची मर्यादा घातली होती, मात्र काही केंद्रांना तीतून वगळले होते. १९८६ मध्ये ही मर्यादाच काढून टाकण्यात आली.

या आर्थिक चौकटीला वैचारिक अधिष्ठान मिळाले ते ‘तयारी’च्या कल्पनेचे. व्यक्तीने प्रथम दिवस-केंद्रात बसायला शिकावे, तेथून कार्यशाळेत जावे, तेथे वेळ पाळणे, हुकूम ऐकणे आणि वेग वाढविणे साध्य करावे, आणि मग बाहेरच्या नोकरीस पात्र ठरावे, अशी पायऱ्यांची ही रचना होती. कागदावर ती शाळेतील इयत्तांसारखी तर्कशुद्ध होती. प्रत्यक्षात वरच्या पायरीवर फारच थोडे लोक पोहोचले.

याची कारणे संस्थेच्या अंतर्गत अर्थव्यवहारात होती. कार्यशाळा कंपन्यांकडून पॅकिंग, वर्गवारी आणि सुट्या भागांची जोडणी अशी कंत्राटी कामे घेत. माल ठरलेल्या तारखेला द्यावा लागे. ज्या कामगारांचा हात सर्वांत चपळ, त्यांच्यावर ही तारीख अवलंबून असे. आणि बाहेरच्या नोकरीस सर्वांत आधी पात्र ठरणारेही तेच असत. त्यांना बाहेर पाठवणे म्हणजे कंत्राट धोक्यात घालणे. दुसरीकडे शासकीय अनुदान बहुधा उपस्थितीनुसार मिळे. व्यक्ती नोकरीला लागून केंद्रात येईनाशी झाली, की तिच्यापोटी मिळणारी रक्कम थांबे. म्हणजे संस्थेने आपले घोषित उद्दिष्ट साध्य केले, तर तिला दोन्हीकडून तोटा होई. कोणाचाही दुष्ट हेतू नसताना ‘अजून तयारी झालेली नाही’ हा शेरा वर्षानुवर्षे कायम राहण्याचे हे कारण होते.

४. ‘तयारी’च्या कल्पनेला आव्हान

या कल्पनेला पहिला मोठा धक्का प्रयोगातून बसला. लॉस एंजेलिसमध्ये विशेष शिक्षक म्हणून काम केलेले मार्क गोल्ड हे पुढे इलिनॉय विद्यापीठात संशोधन करीत होते. संरक्षित कार्यशाळांतील मध्यम व तीव्र बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींना १५ भागांचा सायकलचा ब्रेक जोडण्यास त्यांनी शिकविले. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनानुसार, ज्यांना कार्यशाळेत अगदी साधी कामे दिली जात, त्यांनी हे गुंतागुंतीचे काम आत्मसात केले. गोल्ड यांची पद्धत कामाची लहान लहान टप्प्यांत फोड करण्याची होती. शिकणारा एखाद्या टप्प्यावर अडला, तर शिकविण्याची रीत बदलावी, शिकणाऱ्याला दोष देऊ नये, हे तिचे सूत्र होते. १९८२ मध्ये त्यांचे निधन झाले. तोपर्यंत प्रशिक्षकांची एक संपूर्ण पिढी या विचाराने प्रभावित झाली होती. अपयशाची जबाबदारी दिव्यांग व्यक्तीकडून शिकविणाऱ्याकडे सरकणे, ही या संस्थांच्या कार्यसंस्कृतीतील पहिली खरी फट म्हणता येईल.

याच सुमारास ऑरेगॉन विद्यापीठात थॉमस बेलामी आणि व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठात पॉल वेमन यांनी पुढचा प्रश्न हाती घेतला. व्यक्ती काम शिकू शकते हे सिद्ध झाल्यावर, तिने ते कृत्रिम वातावरणात का शिकावे? वेमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्रम उलटा केला. आधी खऱ्या आस्थापनेत नोकरी शोधायची, मग त्याच जागी, त्याच कामाचे प्रशिक्षण द्यायचे. यासाठी ‘जॉब कोच’ ही नवी भूमिका निर्माण झाली. जॉब कोच ते काम प्रथम स्वतः करून पाहतो, नंतर दिव्यांग कर्मचाऱ्यासोबत उभा राहून शिकवितो आणि हळूहळू मागे सरतो. मात्र गरज पडेल तेव्हा आधार चालू राहतो. या रीतीला ‘साहाय्यित रोजगार’ असे नाव मिळाले.

केंद्रीय शिक्षण विभागातील विशेष शिक्षण व पुनर्वसन कार्यालयाच्या प्रमुख मॅडेलिन विल यांनी १९८० च्या दशकात या विचारास धोरणाचे रूप दिले. १९८४ च्या विकासात्मक दिव्यांगत्वविषयक कायद्यात साहाय्यित रोजगाराची व्याख्या आली आणि १९८६ च्या पुनर्वसन कायद्यातील दुरुस्तीने त्यासाठी राज्यांना निधी मिळू लागला. यातील विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या वर्षी किमान मजुरीची शेवटची मर्यादा उठली, त्याच वर्षी खुल्या रोजगारासाठी निधी मंजूर झाला. पुढील तीन दशकांतील द्वंद्व या दोन कायद्यांमध्येच सामावलेले होते.

५. दुहेरी व्यवस्थेची कोंडी

नव्या निधीमुळे जुन्या कार्यशाळा बंद पडतील, अशी अपेक्षा होती; तसे घडले नाही. बहुसंख्य संस्थांनी कार्यशाळा तशीच ठेवून शेजारी साहाय्यित रोजगाराचा एक छोटा विभाग उघडला. इमारत, यंत्रे, गाड्या, पर्यवेक्षक आणि संचालक मंडळाचे लक्ष जुन्या विभागाकडे राहिले. नव्या विभागाकडे दोन-चार उत्साही कर्मचारी आले. बाहेरची नोकरी सुटलेल्या व्यक्तीस दुसरी नोकरी शोधून देण्याऐवजी कार्यशाळेत परत पाठविणे सोपे होते. त्यामुळे प्रत्येक अपयश ‘तयारी’च्या जुन्या सिद्धान्ताला नवा पुरावा देऊ लागले.

२००१ च्या संसदीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या अहवालात या कोंडीचे प्रतिबिंब आढळते. त्यानुसार सुमारे ५,६०० मालक व संस्थांकडे सुमारे ४,२४,००० दिव्यांग कामगार विशेष कमी मजुरीवर काम करीत होते आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिकांची कमाई तासाला अडीच डॉलरच्या आत होती. त्याच वर्षी केंद्रीय पुनर्वसन प्रशासनाने एक वरवर तांत्रिक वाटणारा, पण दूरगामी निर्णय घेतला. व्यवसाय-पुनर्वसन सेवेतून व्यक्ती संरक्षित कार्यशाळेत गेली, तर ते यापुढे ‘रोजगारप्राप्ती’ म्हणून मोजले जाणार नव्हते. जी गोष्ट काल यश म्हणून नोंदविली जाई, ती आज नोंदवहीतून गळली.

६. परिवर्तनाचे मार्गदर्शन : न्यू हॅम्पशायर आणि व्हरमाँट

संस्थांतर्गत परिवर्तनाची दोन उदाहरणे अमेरिकेच्या ईशान्येकडील शेजारी राज्यांत सापडतात. पहिले उदाहरण तीव्र मानसिक आजार असलेल्या व्यक्तींच्या सेवेचे आहे. न्यू हॅम्पशायर राज्यातील एका लहान शहराच्या मानसिक आरोग्य केंद्राने १९९० च्या सुमारास आपला दिवसभराचा पुनर्वसन कार्यक्रम बंद केला आणि त्यातील कर्मचाऱ्यांना साहाय्यित रोजगाराच्या कामी लावले. रॉबर्ट ड्रेक, डेबोरा बेकर व सहकाऱ्यांनी या बदलाचा अभ्यास करून १९९४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. खुल्या नोकरीत असलेल्यांचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांपर्यंत वाढले. नोकरीच्या ताणाने रुग्णांचा आजार बळावेल, रुग्णालयात दाखल होण्याचे प्रसंग वाढतील, ही भीती खरी ठरली नाही. या अनुभवातून पुढे जी कार्यपद्धती आकारास आली, तिचे पहिले तत्त्व असे की, ज्याला काम करण्याची इच्छा आहे, त्याला ‘तयार नाही’ म्हणून वगळायचे नाही. पात्रतेची जागा इच्छेने घेतली.

दुसरे उदाहरण व्हरमाँटचे आहे. जेमतेम सहा लाख लोकसंख्येच्या या राज्यात १९८० च्या सुमारास व्हरमाँट विद्यापीठाच्या साहाय्याने बॅरी येथे साहाय्यित रोजगाराचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला आणि तेथून ही पद्धत राज्यभर पसरली. १९९३ मध्ये बौद्धिक दिव्यांगांसाठीचे राज्याचे निवासी केंद्र बंद झाले आणि २००२ मध्ये शेवटची संरक्षित कार्यशाळाही बंद झाली. प्रयोगापासून अखेरच्या कार्यशाळेपर्यंत सुमारे बावीस वर्षे लागली, ही बाब महत्त्वाची आहे. आधी पर्याय उभा राहिला. कार्यशाळा त्यानंतर मिटली.

अशा संस्थांच्या अनुभवांतून परिवर्तनाच्या मार्गदर्शनाचे चार पैलू प्रकर्षाने पुढे येतात.

पहिला पैलू संचालक मंडळाचा. इमारत ही मंडळाच्या दृष्टीने संस्थेची मिळकत असते. अनेकदा तिच्यासाठी पदाधिकाऱ्यांनी स्वतः देणग्या गोळा केलेल्या असतात. ती सोडायची म्हणजे संस्थाच बुडाली असे वाटते. यशस्वी संस्थांनी येथे प्रथम एकच ठराव केला : कार्यशाळेत नवीन प्रवेश द्यायचा नाही. या ठरावामुळे कोणाचेही चालू असलेले काम लगेच जात नव्हते, मात्र दिशा निश्चित होत होती.

दुसरा पैलू कर्मचाऱ्यांचा. कार्यशाळेतील पर्यवेक्षक चार भिंतींच्या आत, ठरलेल्या वेळेत, वीस-पंचवीस जणांवर लक्ष ठेवीत असे. नव्या व्यवस्थेत त्याला एकट्याने दुकानदार, हॉटेलचालक, रुग्णालयाचे व्यवस्थापक यांच्याकडे जाऊन बोलणी करावी लागली. वेळा अनिश्चित झाल्या. त्याची प्रतिष्ठा सांभाळण्यात होती, ती आता जोडून देण्यात आली. प्रशिक्षणाच्या एखाद्या वर्गाने हा बदल होत नाही. ज्या संस्थांनी सर्वांना एकदम हलविण्याऐवजी दोन-तीन व्यक्तींपासून आरंभ केला आणि त्यांच्या नोकरीचा अनुभव इतर कर्मचाऱ्यांना प्रत्यक्ष पाहू दिला, तेथे विरोध हळूहळू मावळत गेला.

तिसरा पैलू कुटुंबांचा, आणि तोच सर्वांत नाजूक. ‘आमच्या पश्चात याचे काय?’ हा प्रश्न प्रत्येक पालकाच्या मनात असतो. कार्यशाळेने त्याला एक उत्तर दिलेले होते : ठरलेली गाडी, ठरलेली वेळ, ओळखीची माणसे. व्हरमाँटमधील कुटुंबांच्या मुलाखतींवर आधारित अभ्यासात ब्रायन डेग यांना सुरक्षितता, मैत्री आणि दिनक्रम यांविषयीची चिंता प्रामुख्याने आढळली. त्यात भर होती ती शासकीय साहाय्य व वैद्यकीय संरक्षण गमावण्याच्या भीतीची, कारण कमाई वाढली की हे लाभ कमी होतात. या भीतीला उपदेशाने उत्तर देता येत नव्हते. मिळकत किती वाढली तर कोणता लाभ किती घटेल, याचा कुटुंबागणिक हिशेब मांडून देणारे जाणकार संस्थेत असणे आवश्यक ठरले.

चौथा पैलू मोजमापाचा. आज किती जण हजर आणि किती नग तयार झाले, हे मोजणारी संस्था अखेर हजेरी आणि नगच निर्माण करते. किती जणांना किमान वेतनावर नोकरी लागली, आठवड्याला किती तास मिळाले, नोकरी किती काळ टिकली, हे मोजू लागल्यावर बैठकांतील चर्चा बदलते. संस्थेची मूल्ये तिच्या घोषवाक्यापेक्षा तिच्या मासिक अहवालात अधिक स्पष्ट दिसतात.

७. न्यायालयीन हस्तक्षेप

स्वेच्छेने बदलणाऱ्या संस्था अल्पसंख्य होत्या. इतरांच्या बाबतीत न्यायालयाचा रेटा लागला. १९९० च्या अमेरिकन दिव्यांग कायद्याच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने जून १९९९ मध्ये ‘ओल्मस्टेड’ खटल्यात निकाल दिला. जॉर्जिया राज्यातील लोइस कर्टिस व इलेन विल्सन या दोन महिलांना समाजात राहणे शक्य असूनही रुग्णालयात ठेवले जात होते. असे विनाकारण वेगळे ठेवणे हा भेदभाव होय, असे न्यायालयाने ठरविले. हा निकाल निवासाविषयी होता. हेच तत्त्व रोजगार सेवांनाही लागू होते, असे ऑरेगॉनमधील केंद्रीय न्यायालयाने २०१२ मध्ये मान्य केले. त्या खटल्यातील तडजोडीनुसार कार्यशाळांतील १,११५ व्यक्तींना खुल्या नोकऱ्या मिळवून देण्याचे दायित्व राज्याने स्वीकारले.

ऱ्होड आयलंड राज्यातील प्रकरण अधिक बोलके आहे. केंद्रीय न्याय विभागाच्या चौकशीत असे आढळले की, प्रॉव्हिडन्स शहरातील एका शाळेच्या आवारातच कार्यशाळा चालत होती. तेथे विद्यार्थी दागिन्यांची जोडणी व पॅकिंग करीत आणि शिक्षण संपल्यावर त्यांपैकी अनेक जण प्रौढांच्या कार्यशाळेत जात. प्रौढांच्या त्या कार्यशाळेत सरासरी मजुरी तासाला १ डॉलर ५७ सेंट होती. ‘तयारी’ची शिडी कोठे नेते, याचा हा पुरावाच होता. २०१३ मधील अंतरिम समझोत्यानंतर एप्रिल २०१४ मध्ये राज्यव्यापी संमती-आदेश झाला. सुमारे ३,२५० व्यक्तींना दहा वर्षांत खुल्या रोजगाराच्या सेवा देण्याचे त्यात ठरले. आठवड्याला सरासरी वीस तासांचे काम आणि उर्वरित वेळेत समाजातील अन्य उपक्रमांत सहभाग, असे त्याचे स्वरूप होते.

या आदेशाच्या अंमलबजावणीत एक अनपेक्षित अडचण उघड झाली. अल्प वेतनामुळे संस्थांत आधार देणारे कर्मचारी टिकत नव्हते. जॉब कोच दर काही महिन्यांनी बदलला, तर विश्वास व कौशल्य दोन्ही नाहीसे होतात. अखेर २०२१ मध्ये न्यायालयाच्या देखरेखीखाली या कर्मचाऱ्यांचे वेतन २०२४ पर्यंत ताशी २० डॉलरपर्यंत नेण्याचे ठरले. दिव्यांगांच्या मजुरीचा प्रश्न त्यांना साहाय्य करणाऱ्यांच्या मजुरीपासून वेगळा करता येत नाही, हे यातून स्पष्ट झाले.

दरम्यान २०१४ च्या केंद्रीय कार्यबलविषयक कायद्याने २४ वर्षे किंवा त्याहून कमी वयाच्या व्यक्तीस खुल्या रोजगाराची संधी देऊन पाहिल्याखेरीज कमी मजुरीवर ठेवण्यास प्रतिबंध केला. ही तरतूद २०१६ मध्ये लागू झाली. कमी मजुरीची प्रथा रद्द करणारे न्यू हॅम्पशायर हे २०१५ मध्ये पहिले राज्य ठरले. केंद्रीय श्रम विभागाने डिसेंबर २०२४ मध्ये ही सवलत टप्प्याटप्प्याने संपविण्याचा प्रस्ताव मांडला होता. जुलै २०२५ मध्ये तो मागे घेण्यात आला. म्हणजे १९३८ ची तरतूद केंद्रीय कायद्यातून अद्याप हटलेली नाही.

८. परिवर्तनाच्या मर्यादा

या इतिहासाकडे केवळ विजयगाथा म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०२३ च्या अहवालानुसार कमी मजुरीवरील कामगारांची संख्या २०१० मधील सुमारे २,९६,००० वरून २०१९ मध्ये सुमारे १,२२,००० पर्यंत घटली. ही घट मोठी आहे. परंतु कार्यशाळेतून बाहेर पडलेला प्रत्येक जण नोकरीत गेला असे नाही. राज्यांच्या बौद्धिक व विकासात्मक दिव्यांगत्व सेवांचा लाभ घेणाऱ्यांपैकी खुल्या रोजगारासाठी सेवा मिळणाऱ्यांचे प्रमाण दीर्घकाळ एकपंचमांशाच्या आसपासच रेंगाळले आहे. अनेक जण मजुरी नसलेल्या दिवस-कार्यक्रमांत गेले. ज्यांना नोकरी मिळाली, त्यांपैकी काहींना आठवड्याला मोजकेच तास मिळाले आणि जुन्या सोबत्यांचा सहवास तुटला. कार्यशाळा टिकाव्यात असे म्हणणाऱ्या पालकांचा आक्षेप येथे सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. जेथे कार्यशाळा बंद झाली पण संस्थेची कार्यसंस्कृती बदलली नाही, तेथे दिव्यांग व्यक्तीच्या वाट्याला जुने काम गेले आणि नवे आले नाही, अशी स्थिती उद्‌भवली. केवळ टाळे लावणे आणि परिवर्तन घडविणे यांतील अंतर अशा ठिकाणी दिसून येते.

९. भारतीय संदर्भ

या इतिहासाचा भारताशी संबंध प्रामुख्याने आंतरराष्ट्रीय कायद्यातून येतो. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या कराराला भारताने २००७ मध्ये मान्यता दिली. अमेरिकेने त्यावर २००९ मध्ये स्वाक्षरी केली, पण २०१२ मध्ये सिनेटमध्ये आवश्यक बहुमत मिळू शकले नाही. कराराच्या सत्ताविसाव्या कलमात खुल्या व सर्वसमावेशक श्रमबाजारात काम करण्याचा हक्क नमूद आहे. २०२२ मध्ये संबंधित समितीने या कलमावर भाष्य करताना वेगळ्या ठेवलेल्या रोजगारापासून दूर जाण्याची अपेक्षा व्यक्त केली. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने शासकीय नोकऱ्यांतील आरक्षण १९९५ च्या कायद्यातील ३ टक्क्यांवरून ४ टक्के केले आणि बौद्धिक दिव्यांगत्व व मानसिक आजार असलेल्यांचाही त्यात समावेश केला. महाराष्ट्रात विशेष शाळांना जोडून किंवा स्वयंसेवी संस्थांमार्फत चालणाऱ्या कार्यशाळांत पणत्या, कागदी पिशव्या, पाकिटे अशा वस्तू तयार होतात. यांपैकी बहुतेकांचा जन्मही पालकांच्या आणि शिक्षकांच्या तळमळीतून झाला आहे. अमेरिकेतील निष्कर्ष येथे जसेच्या तसे लावणे योग्य होणार नाही, कारण येथील श्रमबाजार मुख्यतः असंघटित आहे. मात्र कार्यशाळेत येणारी व्यक्ती किती वर्षांनी आणि कोठे बाहेर पडते, हा प्रश्न प्रत्येक संस्थेला विचारता येण्याजोगा आहे.

१०. निष्कर्ष

१) संरक्षित कार्यशाळेचा उगम मालकवर्गाच्या नकारातून झाला; परंतु उपाय मात्र दिव्यांग व्यक्तीवर केंद्रित राहिला.
२) ‘आधी तयारी’ या कल्पनेस उपस्थितीनुसार अनुदान व कंत्राटी उत्पादन यांचे आर्थिक पाठबळ होते, त्यामुळे संशोधनाने ती खोटी ठरविल्यावरही ती टिकून राहिली.
३) जुन्या व्यवस्थेशेजारी नवा विभाग उघडल्याने कार्यसंस्कृती बदलत नाही, बहुधा जुनी संस्कृती नव्या विभागाला गिळते.
४) नवीन प्रवेश थांबविणे, लहान संख्येने आरंभ, कर्मचाऱ्यांच्या भूमिकेची पुनर्रचना, कुटुंबांच्या चिंतेला ठोस उत्तर आणि यशाचे नवे मोजमाप, या मार्गांनी परिवर्तन टिकाऊ झाले.
५) न्यायालयीन आदेश परिवर्तनास आरंभ करून देऊ शकतो, ते रोजच्या रोज घडवून आणण्याचे काम संस्थेतील माणसांनाच करावे लागते आणि त्यासाठी त्यांना पुरेसे वेतन मिळणे अपरिहार्य आहे.

समारोप

१८४० मध्ये बॉस्टनच्या संस्थेने बाहेर जागा मिळत नाही म्हणून आत जागा केली. त्यानंतर ‘ही व्यक्ती कामास तयार आहे का?’ हा प्रश्न दिव्यांगांना शतकाहून अधिक काळ विचारला गेला. गोल्ड, वेमन, ड्रेक यांच्या कार्याने तो प्रश्न संस्थेकडे वळविला : या व्यक्तीला काम मिळवून देण्यास संस्था तयार आहे का? ज्या संस्थांनी हा दुसरा प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारला, त्यांचीच कार्यसंस्कृती बदलली, असे या इतिहासावरून म्हणता येते.